हे काय होय जी?

सासऱ्यांनी जीप माझ्या नावे करून ठेवली आहे हे कळलं तेव्हा मला गहिवरून आलं. जीप पाहिल्यावर गहिवर ओसरला. काटोलजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत, गोठ्याच्या कोपऱ्यात ती तीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे चारही टायर जमिनीत रुतलेले, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि स्टिअरिंगला म्हशीचं दावं. वाटण्यांच्या वेळी माझ्या दोन्ही मेहुण्यांचं विहिरीवरून वाजलं, धुऱ्यावरून वाजलं, धुऱ्यावरच्या आंब्यावरून तर बोलणंच बंद झालं. पण 'जीप जावईबापूंना' यावर जे एकमत झालं, तसं त्या घराण्यात पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणतात.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलं. यंत्रांशी माझा संबंध सायकलला हवा भरण्यापुरता आणि उन्हाळ्यात कूलरचा पंप बदलण्यापुरता. नागपूरच्या माणसाला तेवढं यंत्रशास्त्र आईच्या दुधातून मिळतं. जीप ट्रकवर घालून प्रतापनगरातल्या घरापुढे उतरवली, धुतली, आणि शेणाचे व कोंबड्यांचे थर निघून गेल्यावर खाली जे लोखंड दिसलं, त्यात कळणारं कमी आणि न कळणारं जास्त होतं. चाक, सीट, स्टिअरिंग ही झाली नामं. ती ओळखू येतात. पण मधूनमधून असे तुकडे होते की त्यांना लिंग नाही, वचन नाही, विभक्ती लागत नाही, आणि ते या वाक्यात कशासाठी आहेत हेही सांगता येत नाही. आमच्या विषयात अशांना अव्यय म्हणतात. मी एक दोनशे पानी वही केली. पहिल्याच दिवशी सतरा अव्ययं निघाली.

चूक एवढीच झाली, की त्यातल्या पहिल्याबद्दल मी फाटकात उभा राहून मोठ्यानं विचारलं, "हे काय होय जी?"

नागपुरात हा प्रश्न हवेत सोडला की तो खाली पडत नाही. 'माहीत नाही' असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यात विचारणाऱ्याचा अपमान होतो अशी समजूत असावी. रस्ता विचारला तर ज्याला तो ठाऊक नसतो तोच जास्त तपशिलात सांगतो, शिवाय वाटेत तर्री-पोहे कोणाकडचे खायचे हेही सांगतो. मग वस्तूचं नाव विचारल्यावर कोण मागे राहणार?

वस्तू अशी होती: पुढच्या बंपरच्या मधोमध लोखंडी अँगलचा एक दांडा उभा वेल्डिंग केलेला. उंची साडेचार फूट. वरचं टोक थोडं पुढं वाकवलेलं आणि त्या वाकणात एक खाच. बस. ना तार, ना नळी, ना नट. त्याला आधार द्यायला मागून एक तिरपी पट्टी, म्हणजे ज्यानं लावला त्यानं मनापासून लावला होता.

दहा मिनिटांत सात माणसं जमली. समोरचे निवृत्त तहसीलदार म्हणाले, झेंड्याचा दांडा आहे, साहेबाची गाडी असणार. दूधवाल्यानं खाचेत बोट घालून सांगितलं, इथं कॅन टांगतात. केबलवाल्या पोरानं लांबूनच 'अँटेना' म्हटलं आणि तो निघून गेला. त्याला पुरावा द्यायची गरज वाटली नाही. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला खर्रा घोटता घोटता आला, दांड्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बकरा बांधाले. शिकारीत बकरा लागते ना जी, वाघासाठी." बकरा साडेचार फुटांवर का बांधायचा, असं मी विचारलं. "वाघाले दिसला पाह्यजे न." तिसऱ्या घरातल्या काकूंचं मत लिंबू-मिरचीकडे होतं. लिंबू-मिरचीला एवढा दांडा? "मोठी गाडी, मोठी नजर," असं म्हणून त्या आत गेल्या.

माणूस वस्तूकडे पाहत नाही, वस्तूत स्वतःला पाहतो, असं काहीतरी मी त्या रात्री वहीत लिहिलं आणि सकाळी खोडलं. मास्तरकीची सवय लवकर जात नाही.

जीप घाट रोडवरच्या एका उस्तादांकडे ओढत नेली. उस्ताद सत्तरीचे. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. नागपुरातल्या गॅरेजांमध्ये बोलणं हिंदीत, शिव्या मराठीत आणि हिशेब ज्यात गिऱ्हाइकाला कमी कळेल त्या भाषेत चालतो. सासऱ्यांनी जुन्या इंजिनाचे सुटे भाग दारूगोळ्याच्या एका लोखंडी पेटीत जपून ठेवले होते. ती पेटी मी त्यांच्यापुढे उघडली. उस्तादांनी आतून एक काळा गोल डबा काढला. त्यावर चार तारांची भोकं होती.

"ये डेल्को."

डब्यावरच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत 'ऑटो-लाइट' लिहिलेलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं.

"कंपनी कोई भी हो मास्टरजी, डेल्को तो डेल्को है."

मला हे फार आवडलं. ठिणगी वाटून देणाऱ्या या डब्याला इंग्रज डिस्ट्रिब्यूटर म्हणतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे; तिथं १९०९ साली निघालेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला माल ऑटो-लाइटचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा. त्या प्रतिस्पर्ध्याच्या मालावर घाट रोडनं डेल्कोचं नाव कायमचं ठोकून दिलं. स्टेपनीचंही तेच. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे, तिथं १९०४ साली जादा चाक विकण्याचा धंदा सुरू झाला. तिथल्या लोकांना आज तो शब्द सांगितला तर रस्ता आठवेल, आणि आपल्याकडे खेड्यातलं पोरगंही 'स्टेपनी पंक्चर हाये' म्हणतं. विशेषनामाचं सामान्यनाम कसं होतं, हे मी वर्गात उदाहरणं देऊन देऊन शिकवलं. ही दोन मला निवृत्तीनंतर मिळाली.

उस्तादांचं शास्त्र सोपं होतं. जमिनीवर पोतं अंथरून त्यांनी पेटीतल्या मालाचे दोन ढीग केले. एक 'लगता है', दुसरा 'नहीं लगता'. 'काय आहे' हा ढीग त्यांच्याकडे नव्हताच. एका पितळी तुकड्याबद्दल मी फारच खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जो कहीं लगता नहीं, वो चीज नहीं, भंगार है." तत्त्वज्ञान म्हणून हे वाईट नाही. शिवाय दुसरा ढीग संध्याकाळी कबाड्याकडे जातो, त्यामुळे ते फायद्याचंही आहे. मी त्या ढिगावर माझी पिशवी ठेवली आणि पिशवीवर हात.

मग बोल्ट निघाले. कितीतरी बोल्टांच्या डोक्यावर एक छोटा इंग्रजी एफ उठवलेला होता. उस्तादांचा पोऱ्या म्हणाला, "एफ म्हणजे फ्रंट." तेवढ्यात तसाच बोल्ट मागच्या चाकाजवळ निघाला. "मग फिट," पोऱ्या म्हणाला. त्याला अडवणं शक्य नव्हतं, नागपूरचाच.

खरी गोष्ट मजेची आहे. लष्करानं पसंत केलेला नमुना विलीज कंपनीचा. पण एकट्या विलीजला एवढ्या गाड्या बनवणं जमेना, म्हणून तोच नकाशा फोर्डलाही दिला. दोघांनी मिळून १९४५ पर्यंत सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या काढल्या आणि सगळ्यांचे भाग एकमेकांना बसत. उद्या विलीजचा बोल्ट तुटला तर बोल आपल्यावर यायला नको, म्हणून फोर्डनं आपल्या तुकड्या-तुकड्यावर एफ उठवला. आपल्याकडे घरोघरी वाटी-चमच्यांवर नाव घालतात ते याच भीतीनं. लग्नकार्यात भांडी मिसळतात, मग परत येताना आपली वाटी पोचेची निघते. फोर्डचं दुःख कोणत्याही मराठी गृहिणीला न सांगता कळलं असतं. माझ्या बायकोला कळलंच. ती म्हणाली, "मग यात विलीजचं काय काय आलंय ते बघा, परत करून टाका."

परत करायला काही शुद्ध उरलं असतं तर! जाणकार म्हणतात, पुढची आडवी दांडी पाहावी; विलीजची गोल नळीची असते, फोर्डची पालथ्या पन्हळासारखी. आमची फोर्डची. पुढच्या जाळीला नऊ फटी, म्हणजे युद्धातलीच; नागरी जीपला पुढं सात झाल्या. पण मागं फाळका होता आणि युद्धातल्या जीपला फाळका नव्हता. तो सासऱ्यांनी संत्र्याच्या पेट्या चढवायला कापून घेतलेला. आणि बॉनेट उघडल्यावर उस्ताद थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मान न वळवता म्हणाले, "मास्टरजी, ये जीप नहीं, ट्रॅक्टर है."

होतं तसंच. मूळ इंजिन साठ घोड्यांचं, पेट्रोलचं आणि पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या सीटखाली. युद्धात माणूस त्यावर कसा बसला असेल देव जाणे. सासरे मात्र घाबरले ते पेट्रोलच्या भावाला. विदर्भात त्या काळी शेकडो जीपगाड्यांचं झालं ते हिचंही झालं: इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आत बसवलं गेलं. ते बसल्यावर पायाशी, ॲक्सिलरेटरच्या बाजूला असलेलं सेल्फचं बटण पोरकं झालं. ते अजून तिथं आहे. दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं, पुढं काही होत नाही. वहीत मी त्याला केवलप्रयोगी अव्यय म्हणून नोंदवलं.

नाहीतरी या देशात जीपचा धंदा सुरू झाला तोच सुट्या भागांवर. २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियान्यात महिंद्रा अँड मोहम्मद नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं आणि 'एम अँड एम' जसंच्या तसं राहिलं. विलीजच्या जीपचे खोके मुंबईला उतरवायचे आणि माझगावला जोडायचे, हे काम त्यांनी सुरू केलं. पहिला खोका उघडल्यावर माझगावलाही कोणीतरी 'हे काय आहे' म्हणालंच असेल. आणि स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच. १९४८ साली लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्या हातून ८० लाखांचा सौदा झाला, हाती आल्या अवघ्या १५५ गाड्या आणि त्याही लष्करानं नापास केल्या. लोक त्यात राजकारण पाहतात. मला राहून राहून वाटतं, त्या १५५ गाड्या कोणीतरी घाट रोडला आणायला हव्या होत्या. चाळीस तरी निघाल्या असत्या.

सतरातली आठ अव्ययं उस्तादांनी सोडवली. म्हणजे ती लागली. उरलेल्यांसाठी मला एका निवृत्त सुभेदारांकडे कामठीला पाठवण्यात आलं. कामठीची छावणी १८२१ ची. पिढ्यान् पिढ्या तिथलं लष्करी लोखंड लिलावात निघून नागपूरच्या संसारात मिसळत आलं आहे. लिलावाच्या मालाला आमच्याकडे 'डिस्पोजल' म्हणतात. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचा कंदील, आणि सासऱ्यांची जीपही अर्थात डिस्पोजलची.

सुभेदारसाहेब निघाले कडक. त्यांच्याकडे जीपच्या भागांच्या जुन्या यादीची झेरॉक्स होती. अमेरिकी लष्कराच्या लेखी जीपचा क्रमांक जी-५०३, आणि त्या यादीत प्रत्येक भागाचं चित्र असं काढलेलं की जणू जीप हवेत फुटली आहे आणि एकेक नट आपली जागा आठवत तरंगतो आहे. पण मला भुलवलं ते नावांनी. लष्करात आधी नाम लिहितात, मग स्वल्पविराम, मग विशेषणं. बोल्ट, षटकोनी, अमुक लांबीचा. कंस, दिव्याचा, डावा. एकतीस वर्षं मी पोरांना विशेषण नामाच्या आधी लिहायला शिकवलं आणि एवढं मोठं सैन्य ते उलटं लिहून युद्ध जिंकून बसलं होतं. त्यानंतर आठवडाभर मला घरातही तसंच सुचत होतं. वरण, तुरीचं, फोडणीविना. मेहुणा, थोरला, धुऱ्यावरून भांडणारा.

मग घाट रोडच्या गॅरेजात येऊन सुभेदारसाहेबांनी एकेक गाठ सोडवली. बॉनेटला आणि बॉडीला जोडणाऱ्या, वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या होत्या. बायकोला त्या पडद्याच्या झालरीच्या वाटल्या होत्या. त्या वायरलेसमध्ये खरखर येऊ नये म्हणून सगळा पत्रा एकमेकांशी बांधण्यासाठी. काचेच्या आतल्या बाजूची छोटी मूठ? वायपर. हातानं फिरवायचा. मोटार वगैरे काही नाही. पाऊस आला की साहेब बंदूक बाजूला ठेवणार आणि वायपर हलवणार. डाव्या अंगाच्या कड्या फावड्या-कुऱ्हाडीच्या.

पण सगळ्यांत सुंदर निघाला हेडलाइट. दिव्याच्या मागे एक बिजागरी आणि कानाचा नट होता. आम्ही सगळे समजत होतो की दिवा ढिला झाला आहे. उस्ताद तर तो वेल्डिंगनं पक्का करणार होते. सुभेदारसाहेबांनी नट सैल केला आणि दिवा उलटा फिरवला. त्याचं तोंड इंजिनाकडे झालं. रात्री गाडी बंद पडली तर दुरुस्ती करणाऱ्याला उजेड पाहिजे, म्हणून. गाडी बंद पडणार हे बनवणाऱ्यानं आधीच मान्य केलेलं. हल्लीच्या गाड्यांत हा मोठेपणा नाही. बॉनेट उघडलं तर आत प्लॅस्टिकचं झाकण आणि त्यावर कंपनीचं नाव.

राहिला तो दांडा. यादी दोनदा चाळून झाली. त्यात नव्हताच. सुभेदारसाहेब उठून त्याच्याजवळ गेले, खाचेवर अंगठा फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तार तोडायचा आहे, सर."

इटलीत आणि फ्रान्समध्ये जीपगाड्या काच पुढं पाडून धावत. जर्मन माघार घेताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना मानेच्या उंचीवर तार बांधून जात. तार पातळ, दिसायची नाही. त्यावर सैन्याच्या कार्यशाळांनी स्वतःच तोड काढली: बंपरवर अँगल उभा करायचा, वर खाच ठेवायची, तार आली की खाचेत अडकून तुटेल. कारखान्यात न बनलेला भाग, म्हणून कारखान्याच्या यादीत नाही.

मी नि:शब्द झालो. इटलीत आपल्या तीन डिव्हिजन लढल्या होत्या: चौथी, आठवी आणि दहावी. परतताना मी मनातल्या मनात माझी जीप मॉन्टे कॅसिनोच्या डोंगरावर चढवली. कोंढाळीपर्यंत न पोचणारी गाडी, पण मन कोणाचं ऐकतं? कॉलनीत मी ही हकीकत सांगितली. तहसीलदारांनी पहिल्यांदाच 'बसा' म्हटलं. पानठेलेवाला बकऱ्याच्या मतावर ठाम होता, पण आदरानं ठाम होता. सासऱ्यांच्या तसबिरीला नवा हार आला. कोणी पाहुणा आला की मी त्याला आधी घाट रोडला दांड्यापाशी नेई, हळूच खाचेवर अंगठा फिरवी आणि सुभेदारसाहेबांसारखाच आवाज खाली आणी. तीन आठवडे गेले असे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत ऐतिहासिक आठवडे.

मग आंबिया बहाराच्या तोडीला काटोलला गेलो. सासऱ्यांचा जुना सालगडी, ऐंशीच्या घरातला, ओट्यावर ऊन खात बसला होता. त्याला मी मॉन्टे कॅसिनोसकट सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थो अँगल का? थो तं मालकानं इथंच लावला जी. काच नव्हती ना तवा गाडीले. बगीच्यातून जाये तं संत्र्याच्या फांद्या फाटफाट लागत तोंडाले. एक डाव डोया फुटता फुटता राह्यला. मंग लोहारापासून अँगल ठोकून घेतला."

आणि खाच?

"थ्या खाचीत कंदील टांगे ना मालक. रात्री ओलिताले जाये तं."

मी परत आलो. कोणाला काही बोललो नाही. बायको म्हणाली, "बाबांनी कोणाचं न पाहता तेच काढलं ना? मग उलट जास्त हुशार झाले की." मुलीनं बापाची बाजू घ्यायचीच, पण हा मुद्दा मला खोडता आला नाही. हार ठेवला.

एक मात्र झालं. जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केला आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे २० हजार भरले की. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. मी फॉर्म आणून ठेवला होता. फोर्डचा सांगाडा, संत्र्याचा फाळका, ट्रॅक्टरचं इंजिन आणि लोहाराचा अँगल, हे कोणत्या रकान्यात बसवावं याचा विचार करून तो फॉर्म मी वहीत घडी घालून ठेवला. त्याचीही नोंद अव्ययातच.

जीप तयार झाली ती नेमकी संक्रांतीला. उस्ताद म्हणाले, ट्रायलवर मीच घरापर्यंत सोडतो. संक्रांतीला नागपूरचं आकाश गच्चीवरच्या लोकांच्या मालकीचं असतं. जुन्या शुक्रवारीतून चक्र्या आणि पतंग आधीच शहरभर गेलेले असतात, प्रत्येक गच्चीवर भोंगा असतो आणि दर मिनिटाला कुठूनतरी 'ओऽऽ काट!' ऐकू येतं. पण हल्ली त्या आरोळीला लोक दचकतात. हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातलेला नायलॉन मांजा चोरून येतोच. तो सहजी तुटत नाही. रस्त्यावर आडवा येतो, दुचाकीवाल्याच्या गळ्याला लागतो आणि पुढं जे होतं ते आमच्या शहरानं पुरेसं पाहिलं आहे. म्हणून त्या दिवशी पोलीस उड्डाणपूल बंद ठेवतात आणि शहाणी माणसं गळ्याला मफलर गुंडाळून, स्कूटरच्या हँडलवर वाकवलेली तार लावून निघतात.

आम्ही लोहापुलाखालून बर्डीकडे आलो. काच पुढं पाडलेली, कारण ती उभी राहत नव्हती. मी सीट धरून बसलेलो. ट्रॅक्टरचं इंजिन सगळ्या भोंग्यांना भारी पडत होतं. धंतोलीच्या अलीकडे समोर हवेत काहीतरी चमकल्यासारखं झालं. मला कळलं तेव्हा ते दांड्याला लागलेलंही होतं. दोरा अँगलवरून सर्रकन वर चढला, खाचेत बसला, क्षणभर सतारीसारखा ताणला गेला आणि तट्‌ आवाज करून तुटला. वरून, दोन वेगवेगळ्या गच्च्यांवरून, एकाच वेळी आरोळी आली: "ओऽऽ काट!"

उस्तादांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून खाचेतला हिरवा नायलॉन बोटाला न लागू देता रुमालानं सोडवला, नीट गुंडाळून खिशात टाकला. मग तांब्याच्या काडीचा चष्मा वर करून त्यांनी दांड्याकडे खालून वर पाहिलं. इतके महिने तो त्यांच्या गॅरेजात उभा होता, 'नहीं लगता' म्हणून. त्यांनी खिशातून टेप काढला. उंची घेतली, वाकणाचा कोन हातानं मापला, खाचेची खोली खडूनं तळहातावर लिहिली.

"लडके की गाडी को बनाता हूँ," ते म्हणाले. "छोटा साइज."

टेप सर्रकन आत गेला. आणि घाट रोडवर पन्नास वर्षं ज्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं, ते उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्टरजी, इसको बोलते क्या हैं?"

मॉन्टे कॅसिनो आठवलं. सालगडी आठवला. लिंबू-मिरची, बकरा, कंदील, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं. पण मीही शेवटी इथलाच.

"मांजातोड," मी म्हणालो. "ओरिजिनल विलीजचा. कंपनीतूनच येतो."

"वही तो," उस्ताद म्हणाले. "मेरे को मालूम था."